लेट्यूसचा गड्डा आणि सासूबाईंची जिवाणी



आज पालेभाजीवर लिहिते आहे, तीही परदेशी. वाचून काही जणी म्हणतील, साठी ओलांडल्यावर हिला हे कुठून सुचलं! सुचलं सूनबाईमुळे. दोन वर्षांपूर्वी तिला घरून काम करायची मुभा मिळाली आणि ती नातवाला घेऊन हिवाळाभर चंद्रपूरला राहायला आली. पुण्यात तिला रोज वाटीभर सॅलड खायची सवय. आमच्याकडे कांदा, मुळा, गाजर, बीट काहीच येत नाही. मग राहिलं काय? काकडी आणि टोमॅटो. लेट्यूस इथे मिळतं ते बाहेरून येतं, प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं, आणि आपल्यापर्यंत पोचेतो त्याचा जीव गेलेला असतो. तीच म्हणाली, "मम्मी, आपण लावून बघूया का? मैत्रिणीने बी दिलंय."

पुडीवर 'ग्रेट लेक्स' लिहिलं होतं. अमेरिकेत १९४१ साली आलेलं हे घट्ट गड्ड्याचं वाण. आपल्याकडच्या शेतकी पुस्तकांतही लेट्यूस म्हटलं की हे नाव असतंच. संकरित नाही. म्हणजे याचं बी धरलं आणि पुन्हा लावलं तर आईसारखीच लेक येते. आजकाल जुन्या वाणांचं जे कौतुक चाललंय ते याचसाठी. संकरित बियांचं तसं नसतं. पहिल्या वर्षी सगळी रोपं सारखी, आणि त्यांचं बी लावलं की एक उंच, एक बुटकं, एक कडू. दरवर्षी नवी पुडी विकत घ्यावी लागते.

मी बी.कॉम. झाले तेव्हा आमचं कॉलेज नागपूर विद्यापीठाखाली होतं. शेतीचा गंध नाही. लग्न होऊन सराफाच्या घरात आले, तिथेही हिशेबच. पण वही ठेवायची सवय गेली नाही. त्यामुळे गच्चीवर लावलेल्या प्रत्येक बीची नोंद माझ्याकडे आहे.

पहिली पेरणी: जमा शून्य

नवरात्र संपल्यावर लगेच ३० बिया लावल्या. धन्याचे लावतो तशा, बोटाने भोक पाडून, वर माती लोटून. दहा दिवस झाले, पंधरा झाले. एकही उगवली नाही. मला वाटलं बी जुनं असेल. सूनबाईने शोधून काढलं तेव्हा कळलं की चूक माझी होती, आणि एक नाही, दोन.

पहिली चूक उष्णतेची. लेट्यूसच्या बीला १५ ते २० अंश तापमान आवडतं. ३० च्या वर गेलं की बी जिवंत असूनही उगवायचं नाकारतं, झोपून राहतं. आपल्या चंद्रपूरचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळाच. दुपारी ३३-३४ सहज. गच्चीवरच्या कुंडीतली माती त्याहूनही तापलेली. अशा वेळी उगवलेलं नाजूक रोप जळूनच जाणार, हे त्या मोहरीहून हलक्या बीला कळतं आणि मला कळलं नव्हतं.

दुसरी चूक अंधाराची. या बीला उगवायला उजेड लागतो. खोल पुरलं की संपलं. नुसतं मातीवर टाकायचं आणि वरून चिमूटभर बारीक खत भुरभुरायचं. यावर अमेरिकेच्या शेती खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत मोठं काम झालं आहे. १९५२ साली बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ग्रँड रॅपिड्स' नावाच्या लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने दोन तऱ्हेचा लाल प्रकाश टाकला. एक साधा लाल, दुसरा डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल. लाल टाकला की बी उगवायचं, गडद लाल टाकला की थांबायचं. कितीही वेळा आलटून पालटून टाकला तरी निकाल एकच. शेवटचा प्रकाश कोणता होता, त्यावर सगळं ठरायचं. झाडं उजेड कसा ओळखतात, याचं रहस्य पुढे याच धाग्याने उलगडलं.

सूनबाई मला हे मोबाइलवर वाचून दाखवत होती. सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. माळ थांबवून म्हणाल्या, "शेवटचा भाव जसा, तशी पुढची गती. तुमच्या शास्त्रज्ञांना भाजीच्या बीमध्ये दिसलं होय?" आणि पुन्हा माळ सुरू.

दुसरी पेरणी

दुसऱ्यांदा थांबलो. कार्तिक पौर्णिमा झाली, हवेत गारवा आला. बी ओल्या कापडात गुंडाळून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं. मग ट्रेमध्ये पसरून तो ट्रे परेंड्याजवळच्या खिडकीत ठेवला. माठ पाझरतो, तिथली हवा घरात सगळ्यात गार, आणि खिडकीचा उजेडही. चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. ३० बियांपैकी २६.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली, आणि आपल्या वाचक मैत्रिणींना ती महत्त्वाची वाटेल. आपल्यात फागण चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत, असे आठ महिने, भाजीपाला बंद असतो. कोथिंबीरसुद्धा नाही. कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात पानांवर त्रस जीवांची उत्पत्ती वाढते. पालेभाजीची मोकळीक फक्त कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुनापर्यंतचे चार महिने. मी नोंदवहीत लेट्यूसचं वेळापत्रक मांडलं तर तेच निघालं! कार्तिकाआधी बी उगवत नाही. फाल्गुनात ऊन चढलं की झाड मधूनच दांडा वर काढतं, पानं कडू होतात, खाण्यालायक राहत नाहीत. आमच्या चंद्रपूरच्या हवेत हे झाड स्वतःच आठ महिन्यांचा नियम पाळतं. शास्त्राला याची साक्ष हवी असं मी म्हणत नाही. पण वहीत दोन रकाने जुळले की हिशेब ठेवणाऱ्या बाईला आनंद होतोच.

रोपं वाढली. वरून कोळशाची धूळ रोजचीच. आमच्या गावात सकाळी गच्चीवरून बोट फिरवलं तर काळं होतं. म्हणून पानं रोज गाळलेल्या पाण्याने हलक्या हाताने धुवायची. दुपारच्या उन्हाला जुनी सुती साडी आडवी बांधली. औषध काही मारलं नाही, तो प्रश्नच नव्हता.

गोल बाजारात मूलकडची एक भाजीवाली बसते. तरोटा, पाथरी, अंबाडी असं काहीबाही घेऊन येते. तिला मी एकदा लेट्यूसचं पान दाखवायला नेलं. तिने देठ मोडला, पांढरा चीक आला तो बोटावर घेतला आणि म्हणाली, "हे त पाथरीच्याच घरचं दिसते बाई!" अगदी बरोबर ओळखलं तिने. लेट्यूस आणि पाथरी एकाच कुळातली. सूर्यफूल, शेवंती, झेंडू हेही त्याच मोठ्या खानदानातले. लेट्यूसचं शास्त्रीय नाव 'लॅक्टुका', ते लॅटिनमधल्या दुधावरूनच आलं आहे. इजिप्तमध्ये हजारो वर्षांपूर्वी हे झाड मिन नावाच्या देवाला वाहत. म्हणजे ज्याला आम्ही नव्या जमान्याचं खाणं समजत होतो, त्याची चुलत बहीण आमच्या धुऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उगवत होती.

जे झालं ते

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका कुंडीत गड्डा धरला. घट्ट, कोबीसारखा, थंडगार. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या दोघींना दाखवायला बोलावलं. त्या दिवशी जेवण दिवस मावळायच्या आत होतंच, म्हणून साडेचारला गड्डा कापला. इंटरनेटवर सगळे सांगतात की मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मी तसंच केलं. वरची पानं काढून ताटात लावली. लिंबू, मिरेपूड, भाजलेले शेंगदाणे. सूनबाई, नातू, हे, सगळ्यांनी चवीने खाल्लं.

मग मी पातेलं रिकामं करायला मोरीवर गेले. पाण्यावर मावा तरंगत होता. हिरवा, बारीक, राईच्या दाण्याहून लहान. मोजला नाही, पण शंभराच्या खाली नसणार. आणि तळाशी दोन हिरव्या अळ्या, वळलेल्या, पानाच्याच रंगाच्या. मिठाच्या पाण्यात मेलेल्या.

मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. कोबी-फ्लॉवर आपण का खात नाही? मिटलेल्या गड्ड्यात काय आहे ते दिसत नाही म्हणून. चाळीस वर्षं मी हे इतरांना सांगत आले. आणि स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गच्चीवर, नवं नाव लावून कोबीच वाढवला आणि कोबीच कापला. वर मीठ घातलं. बाजारातून आणलं असतं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणता आलं असतं. इथे बी मी पेरलं होतं.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पातेल्यात पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बिनणी, पाणी मोरीत ओतू नकोस. कुंडीत ओत." आणि निघून गेल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण रोज इरियावहियं म्हणतो. त्यात बी तुडवलं गेलं, हिरवळ तुडवली गेली, दव, मुंग्यांची घरं, कोळ्याची जाळी, सगळ्याची क्षमा मागतो. ते सूत्र मी लहानपणापासून इतक्या वेगाने म्हणत आले की त्यातल्या बीजाकडे आणि हिरव्याकडे कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

भद्रावतीला

त्याच आठवड्यात साध्वीजींचा विहार चालू होता आणि त्या भद्रावतीला थांबल्याचं कळलं. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचं हे तीर्थ आमच्यापासून जवळच. सून आणि मी दर्शनाला गेलो आणि मी आलोयणा घेतली. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, ते मी केलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

पण मी त्यांना एक विचारलं, "लावणंच बंद करू का?" माझ्या मनात दोन विचार भांडत होते. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा येतो. म्हणून आपल्या समाजातले बहुतेक लोक शेतीपासून दूर राहून व्यापारात आले. दुसरीकडे असि, मसि, कृषी शिकवली ती तर ऋषभदेवांनीच. कोणी तरी पिकवतं म्हणून आपण खातो.

साध्वीजींनी हो-नाही काही सांगितलं नाही. त्यांनी मलाच विचारलं की बंद केल्यावर घरात ते येणं थांबेल का, की विकत येईल? विकतच्या पानावर जीव दिसत नाहीत, कारण ते शेतातच मारलेले असतात. न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं. त्याग करायचा तर खाण्याचा कर, आणि खाणार असशील तर जयणा वाढव. मधला मार्ग डोळे मिटण्याचा आहे, तो घेऊ नकोस.

परत येताना गाडीत सूनबाई गप्प होती. मग म्हणाली, "मम्मी, मी सॅलड सोडते." मी म्हटलं, माझ्या चुकीसाठी तू का सोडतेस? तिने उत्तर दिलं नाही. पण त्या हिवाळ्यात पुन्हा गड्डा कापला नाही.

विहिरीचा नियम

पुढच्या दिवाळीत सूनबाई आली ती दुसरी पुडी घेऊन. 'टॉम थंब'. नातवाला नाव फार आवडलं. हेही जुनं वाण, १९ व्या शतकातलं. गड्डा टेनिसच्या चेंडूएवढा, पण घट्ट नाही. पानं लोण्यासारखी मऊ, गुलाबासारखी सैल. एकेक पान न कापता उलगडता येतं. ती म्हणाली, "हे उघडून बघता येईल, मम्मी."

तिने माझ्यासाठी वर्षभर हे डोक्यात ठेवलं होतं. मला तेव्हा भरून आलं.

पण उघडून दिसलेल्या जिवांचं करायचं काय? झटकून टाकले तर उन्हात मरतील. मावा तर चीक शोषून जगणारा जीव, दुसऱ्या झाडावर जगेलच असं नाही. हा प्रश्न सोडवला सासूबाईंनी. त्या ८७ वर्षांच्या आहेत, माहेर राजस्थानचं. त्यांच्या लहानपणी पाणी विहिरीचं. गाळणं दुहेरी, जाड कापडाचं. पाणी गाळून झालं की गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्यानेच हलकेच परत काढायचे, त्याला जिवाणी म्हणायचं. ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायची. गोड्या विहिरीची खाऱ्या विहिरीत नाही. आणि वरून ओतायची नाही. बादलीच्या बुडाला कडी असायची, बादली पाण्याला टेकली की दोर ओढून अलगद उलटी करायची, म्हणजे जिवांना उंचावरून मार बसत नाही.

"मग भाजीचंही तसंच कर," त्या म्हणाल्या. "एक झाड त्यांचं म्हणून सोडून दे. ज्या झाडाचे जीव, त्याच जातीच्या झाडावर पोचव."

इतकं साधं. मी वर्षभर निंबोळी अर्क, जाळ्या, पाण्याचे फवारे याबद्दल वाचत होते आणि उत्तर आमच्या परेंड्यावर होतं.

त्या वर्षीपासून आमची पद्धत अशी आहे. करून बघायची असेल त्यांच्यासाठी नीट लिहिते.

रोपं कुंडीत गेली की लगेच मच्छरदाणीचं बारीक कापड चारही बाजूंनी बांधायचं, म्हणजे फुलपाखरू अंडी घालायला आत येतच नाही. सगळ्यात मोठी जयणा हीच, जीव आत यायच्या आधीची. एक कुंडी मात्र जाळीबाहेर, गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात. ती जिवाणीची कुंडी.

काढणी सकाळी दहाच्या सुमारास, भरपूर उजेडात. संध्याकाळी कधीच नाही. कुंडीशेजारी पांढरं कापड पसरायचं. गड्डा न कापता बाहेरून एकेक पान सोडवायचं, दोन्ही बाजू बघायच्या, देठाची बेचकी बघायची. काही दिसलं तर पानाचा तेवढा तुकडा जिवासकट अलगद तोडून जिवाणीच्या कुंडीतल्या झाडावर ठेवायचा. ज्या पानावर फार मावा आहे ते पान तिथेच जातं, खायला येत नाही. मिठाचं पाणी बंद. सगळं पाहून झाल्यावर गाळलेल्या साध्या पाण्याने धुवायचं.

दहा मिनिटांचं काम पाऊण तास घेतं. सूनबाई, मी आणि नातू तिघं बसतो. नातवाचे डोळे सगळ्यात तीक्ष्ण. एकदा त्याला लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सापडला. तो मावा खातो हे कळल्यावर त्याने विचारलं, "मग याला जिवाणीच्या कुंडीत सोडायचं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. सासूबाईंनाही नाही. शेवटी तो आपणच उडून गेला.

बी

त्या वर्षीचा ताळेबंद सांगते. ४० बिया, उगवल्या ३३. विरळणी करताना जास्तीची रोपं उपटून टाकतात, काही लोक ती कोवळी खातातही. आपल्याला दोन्ही नको. किसलय म्हणजे कोवळा अंकुर, तो अनंतकाय. म्हणून बी आधीच अंतरावर टाकलं आणि १८ रोपं आळीत वाटली. ३ मर कूज लागून गेली. १२ आमच्याकडे राहिली. त्यांतली १० खाल्ली. एक जिवाणीचं. आणि एक निरोगी झाड बीसाठी राखलं.

फागण चौमासी आली, घरात भाजीपाला बंद झाला, आणि त्याच आठवड्यात दोन्ही झाडांनी दांडा काढला. एप्रिलमध्ये पार कमरेएवढी उंच झाली. बारीक पिवळी फुलं, एकेक फूल सकाळी थोडा वेळ उमलून मिटतं. लेट्यूस स्वतःच स्वतःचं परागण करतं, म्हणून वाण शुद्ध राहतं. फूल मिटल्यावर दोन-अडीच आठवड्यांत पांढरा पिसारा दिसायला लागतो, म्हातारीच्या कापसासारखा. तेव्हा शेंडा कागदी पिशवीत वाकवून हलवायचा. सुटलं तेवढं पिकलेलं, बाकीचं चार दिवसांनी. ४५ अंशांच्या उन्हात सकाळी सातला हे काम उरकायचं.

ह्यांच्या दुकानातल्या काट्यावर बी तोललं. ६ ग्रॅम. ग्रॅमला आठशे ते हजार बिया धरल्या तरी पाच हजारांच्या आसपास. दोन झाडांतून. असं व्याज मी कुठल्याच पतपेढीत पाहिलं नाही. त्यातलं अर्धं-अधिक जिवाणीच्या कुंडीतलं होतं, जिची पानं मावा आणि अळ्यांनी चाळणी केली होती. मला वाटलं होतं ते झाड वाचणार नाही.

बी धरताना मला दादाजी खोब्रागडे आठवले. आपल्याच जिल्ह्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानात कापल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या. वर्षानुवर्षं निवडत गेले आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तेव्हा त्या घड्याळाची चलती होती म्हणून एका व्यापाऱ्याने ते नाव दिलं. २००५ साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. पैसा मात्र हाती फार लागला नाही, आणि ३ जून २०१८ ला ते गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये गेले. आमच्या घरात रोज एचएमटीचा भात शिजतो. तो तीन लोंब्यांपासून आला, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

सासूबाईंनी भगवतीसूत्रातला एक विषय प्रवचनात ऐकलेला सांगितला. बीची उगवायची शक्ती जास्तीत जास्त किती टिकते, याचं वर्गीकरण त्यात आहे. साळ, गहू, जवाला तीन वर्षं. मूग, मसूर, उडीद, तिळाला पाच. जवस, करडईसारख्यांना सात. लेट्यूसचं बी कोरडं, थंड ठेवलं तर तीन ते पाच वर्षं टिकतं असं बागवाले सांगतात. मी छोट्या काचेच्या बाटलीत, राखेच्या पुरचुंडीसोबत ठेवलं आहे. बाटलीवर तारीख.

पैशाचा हिशेब मांडला तर तोटाच. कुंड्या, खत, जाळी मिळून ६४० रुपये खर्च आणि मुठीएवढे दहा गड्डे. जिवांचा हिशेबही शून्य नाही, ते मला माहीत आहे. माती हलवली, पाणी घातलं, पान तोडलं, प्रत्येकात काही ना काही आहेच. पूर्वी मला वाटायचं की आपण शेती करत नाही म्हणजे आपला हात स्वच्छ. आता तसं वाटत नाही. आता ताटात जे येतं ते बघताना कोणाच्या तरी गच्चीवरचं, धुऱ्यावरचं पातेलं डोळ्यासमोर येतं.

सासूबाईंनी लेट्यूसचं एक पानही खाल्लेलं नाही. त्यांचा आयुष्यभराचा त्याग आहे, तो त्यांनी आमच्यासाठी मोडला नाही आणि आम्ही आग्रह केला नाही. पण रोज सकाळी देवदर्शन झालं की काठी टेकत गच्चीवर जातात, साडीची सावली जिवाणीच्या कुंडीवर नीट आहे ना ते बघतात आणि खाली येतात.

परवा कार्तिक पौर्णिमा झाली. ट्रे परेंड्याजवळ ठेवला आहे. नातवाचा पुण्याहून रोज फोन येतो, उगवलं का म्हणून. आज चौथा दिवस. चंद्रपुरातल्या कोणाला बी हवं असेल तर घरी या, पुड्या बांधून ठेवल्या आहेत. एकच अट. बारा कुंड्या लावा की दोन, एक कुंडी जिवाणीची.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.